टेड विल्यम्स यांची फलंदाजीची आकडेवारी

थिओडोर सॅम्युएल ऊर्फ टेड विल्यम्स (३० ऑगस्ट १९१८ – ५ जुलै २००२) हे अमेरिकन लीगमधील बॉस्टन रेड सॉक्स या संघाकडून खेळलेले बेसबॉलपटू होते. सॅन डिएगो येथे जन्मलेल्या विल्यम्स यांची संपूर्ण कारकीर्द (१९३९ ते १९६०) या एकाच संघात गेली. कारकिर्दीत त्यांनी २,२९२ सामन्यांत २,६५४ हिट व ५२१ होम रन केले. त्यांची फलंदाजी सरासरी ०.३४४ होती. १९४१ च्या हंगामात त्यांनी ०.४०६ ही सरासरी गाठली. त्यानंतर आजवर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमधील एकाही फलंदाजाला पूर्ण हंगामात ०.४०० चा टप्पा गाठता आलेला नाही.

विल्यम्स यांची तुलना प्रामुख्याने न्यूयॉर्क यँकीजचे जो डिमॅजिओ व सेंट लुईस कार्डिनल्सचे स्टॅन म्युझियल या दोन समकालीनांशी आणि उत्तरकाळात यँकीजच्याच मिकी मँटल यांच्याशी केली जाते. या तुलनेचा निकाल कोणते माप वापरले यावर बऱ्याच अंशी अवलंबून असतो. विल्यम्स खेळत असताना प्रचलित असलेली मापे त्यांच्या सर्वांत मोठ्या गुणाची नोंदच घेत नव्हती.

मापे आणि त्यांचा अर्थ

क्रिकेटमध्ये सरासरी म्हणजे दर बादीमागे काढलेल्या धावा. बेसबॉलमधील फलंदाजी सरासरीचा धावांशी संबंध नसतो. फलंदाजाने केलेल्या हिटना त्याच्या अधिकृत संधींच्या संख्येने भागले की ही सरासरी मिळते. हिट म्हणजे ज्या फटक्यावर फलंदाज क्षेत्ररक्षकांच्या चुकीविना सुखरूप बेसवर पोहोचतो तो फटका. दहा संधींत तीन हिट, म्हणजे ०.३०० ही सरासरी उत्तम मानली जाते. या खेळात उत्तम फलंदाजही दहापैकी सात वेळा अपयशी ठरतो.

या मापात एक मोठी उणीव आहे. पिचरने एका फलंदाजाला चार चेंडू ठरावीक पट्ट्याच्या बाहेर टाकले आणि फलंदाजाने त्यांवर बॅट फिरवली नाही, तर त्याला पहिला बेस आपोआप मिळतो. यास वॉक म्हणतात. वॉक ही अधिकृत संधी धरली जात नाही, त्यामुळे सरासरीत तिला स्थानच नाही. वाईट चेंडू सोडून देण्याचे कौशल्य त्यामुळे आकड्यांत अदृश्य राहते. ते दिसते ‘बेसप्राप्तीच्या प्रमाणात’: हिट, वॉक व अंगावर चेंडू लागल्याने मिळालेले बेस यांची बेरीज करून तिला, काही मोजके अपवाद वगळता, सर्व संधींनी भागले की हे प्रमाण येते. मेजर लीगने याला अधिकृत आकडेवारीत स्थान दिले ते १९८४ मध्ये, म्हणजे विल्यम्स निवृत्त झाल्यानंतर जवळजवळ पाव शतकाने.

तिसरे माप स्लगिंग प्रमाण. यात एका बेसच्या हिटला एक, दोन बेसच्या हिटला दोन, तीन बेसच्या हिटला तीन व होम रनला चार गुण देऊन बेरजेला अधिकृत संधींनी भागतात. फटक्यांतील ताकद यावरून कळते.

चौघांची तुलना

| खेळाडू | काळ | सामने | हिट | होम रन | वॉक | स्ट्राइकआउट | सरासरी | बेसप्राप्ती | स्लगिंग |
|---|---|---|---|---|---|---|---|---|---|
| विल्यम्स | १९३९–६० | २,२९२ | २,६५४ | ५२१ | २,०२१ | ७०९ | ०.३४४ | ०.४८२ | ०.६३४ |
| डिमॅजिओ | १९३६–५१ | १,७३६ | २,२१४ | ३६१ | ७९० | ३६९ | ०.३२५ | ०.३९८ | ०.५७९ |
| म्युझियल | १९४१–६३ | ३,०२६ | ३,६३० | ४७५ | १,५९९ | ६९६ | ०.३३१ | ०.४१७ | ०.५५९ |
| मँटल | १९५१–६८ | २,४०१ | २,४१५ | ५३६ | १,७३३ | १,७१० | ०.२९८ | ०.४२१ | ०.५५७ |

कोष्टकातील हिटचा स्तंभ पाहिला तर म्युझियल फार पुढे आहेत; विल्यम्स यांच्याहून त्यांचे हिट जवळजवळ एक हजाराने अधिक भरतात. सरासरीचा स्तंभ पाहिला तर विल्यम्स व म्युझियल यांच्यात केवळ तेरा सहस्रांशांचा फरक दिसतो. बेसप्राप्तीच्या स्तंभात मात्र चित्र पालटते. फलंदाजीस आलेल्या दर हजार वेळांपैकी म्युझियल सुमारे ५८३ वेळा, मँटल ५७९ वेळा, डिमॅजिओ ६०२ वेळा, तर विल्यम्स केवळ ५१८ वेळा बेस न मिळवता परतत. बेसबॉलमध्ये संघाला एका डावात तीनच बाद उपलब्ध असतात. एवढ्या मर्यादित भांडवलात हजारामागे साठ-सत्तर बाद वाचवणारा फलंदाज संघाला किती देतो, हे सरासरीच्या आकड्यावरून मुळीच उमगत नाही. २,०२१ वॉक याचा अर्थ असा की विल्यम्स यांना फलंदाजीच्या दर पाच वेळांपैकी एकदा फुकट बेस मिळत असे.

डिमॅजिओ यांच्या ओळीत एक आकडा आवर्जून थांबून पाहण्यासारखा आहे. ३६१ होम रन आणि केवळ ३६९ स्ट्राइकआउट! एवढ्या जोराने बॅट फिरवणारा फलंदाज चेंडू हुकण्याच्या बाबतीत इतका काटेकोर असणे ही विरळा गोष्ट. मँटल यांचे १,७१० स्ट्राइकआउट शेजारी ठेवले की तिची दुर्मिळता कळते. दर सामन्यामागे मिळवून दिलेल्या धावांतही डिमॅजिओ (१,७३६ सामन्यांत १,५३७) विल्यम्स यांच्या (२,२९२ सामन्यांत १,८३९) पुढे आहेत. अर्थात या धावा फलंदाजाच्या आधी बेसवर किती सहकारी उभे होते यावरही अवलंबून असतात, आणि वॉक घेणारा फलंदाज त्या धावा मिळवण्याचे काम पुढच्या फलंदाजाकडे सोपवतो. विल्यम्स यांच्यावर तत्कालीन वृत्तपत्रांचा हाच आक्षेप होता: संघाला धाव हवी असताना ते पट्ट्याच्या दोन बोटे बाहेरचा चेंडूही मारत नाहीत. विल्यम्स यांचे उत्तर त्यांच्या ‘द सायन्स ऑफ हिटिंग’ (१९७०) या पुस्तकात आहे. त्यात त्यांनी पट्ट्याची ७७ चेंडूंएवढ्या चौकटींत विभागणी करून प्रत्येक जागी आपली सरासरी किती राहील याचा अंदाज मांडला. मधल्या जागी तो ०.४०० आहे, तर बाहेरच्या खालच्या कोपऱ्यात ०.२३० पर्यंत उतरतो. पट्ट्यातलाच अवघड चेंडू एवढा महाग पडत असेल, तर पट्ट्याबाहेरच्या चेंडूला हात न लावणे हा हिशेब सरळ आहे.

१९४१ चा हंगाम

१९४१ मध्ये १५ मे ते १६ जुलै या काळात डिमॅजिओ यांनी सलग ५६ सामन्यांत किमान एक हिट केला. तो विक्रम आजही अबाधित आहे. देशभर त्याचीच चर्चा होती. परंतु नेमक्या त्याच दोन महिन्यांत डिमॅजिओ यांची सरासरी ०.४०८, तर विल्यम्स यांची ०.४१२ होती.

हंगामाच्या अखेरच्या दिवशी, २८ सप्टेंबर रोजी, फिलाडेल्फिया येथे दोन सामने व्हायचे होते. त्या सकाळी विल्यम्स यांचे ४४८ संधींत १७९ हिट होते. भागाकार ०.३९९५५ येतो, तीन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकित केल्यास ०.४००. संघाचे व्यवस्थापक जो क्रोनिन यांनी त्यांना बाहेर बसण्याची मोकळीक दिली होती. विल्यम्स दोन्ही सामने खेळले, आठ संधींत सहा हिट केले आणि सरासरी ०.४०६ वर नेली. (१९४८ मध्ये ओव्हलवर डॉन ब्रॅडमन यांना शंभराच्या सरासरीसाठी चार धावा कमी पडल्या, ही गोष्ट क्रिकेटरसिकांना पाठ असते. आकडा हाती येण्याची वा निसटण्याची तीच जागा येथेही होती.) त्या काळी उंच फटक्यावर झेल जाऊन सहकाऱ्याची धाव पूर्ण झाली, तरी तो प्रयत्न फलंदाजाच्या अधिकृत संधींत मोजला जाई. १९५४ पासून तो वगळला जाऊ लागला. आजच्या नियमाने विल्यम्स यांची १९४१ ची सरासरी आणखी वर गेली असती.

त्याच हंगामात विल्यम्स यांनी १४७ वॉक घेतले, ३७ होम रन केले आणि ते केवळ २७ वेळा स्ट्राइकआउट झाले. त्यांचे ०.५५३ हे बेसप्राप्तीचे प्रमाण अमेरिकन व नॅशनल लीगमध्ये २००२ पर्यंत, बॅरी बाँड्स यांनी ०.५८२ ची नोंद करेपर्यंत, अजिंक्य राहिले. तरीही हंगामातील सर्वाधिक मौल्यवान खेळाडूचा पुरस्कार बेसबॉल पत्रकारांनी डिमॅजिओ यांना दिला (२९१ विरुद्ध २५४ गुण). डिमॅजिओ यांची सरासरी ०.३५७ होती. हा निर्णय सर्वस्वी अन्याय्य म्हणता येत नाही. डिमॅजिओ मध्यक्षेत्रातील अव्वल क्षेत्ररक्षक होते, विल्यम्स यांचे क्षेत्ररक्षण सामान्य होते, आणि यँकीजने बॉस्टनपेक्षा १७ विजयांची आघाडी घेऊन लीग जिंकली होती.

पुरस्कारांचा हिशेब

१९४२ व १९४७ या दोन हंगामांची गोष्ट वेगळी आहे. सरासरी, होम रन व मिळवून दिलेल्या धावा या तिन्हींत लीगमध्ये अग्रस्थान मिळाल्यास त्यास ‘ट्रिपल क्राउन’ म्हणतात. विल्यम्स यांनी या दोन्ही वर्षी तो मिळवला. अमेरिकन लीगमध्ये तो दोनदा मिळवणारे ते एकमेव फलंदाज होत. १९४२ मध्ये त्यांची सरासरी ०.३५६, होम रन ३६ व धावा १३७ होत्या. पुरस्कार मिळाला यँकीजच्या जो गॉर्डन यांना (०.३२२, १८, १०३), जे त्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक वेळा स्ट्राइकआउट झाले होते. १९४७ मध्ये विल्यम्स (०.३४३, ३२, ११४) यांना डिमॅजिओ (०.३१५, २०, ९७) यांच्यापेक्षा एक गुण कमी पडला: २०२ विरुद्ध २०१. त्या वर्षीचे १६२ वॉक या तीन आकड्यांत कोठेच दिसत नाहीत. पत्रकारांशी विल्यम्स यांचे संबंध कायम कडवट होते, ही बाब या मतदानाचा विचार करताना नजरेआड करता येत नाही. पुढे १९५७ मध्येही मँटल (०.३६५) यांना पुरस्कार मिळाला. त्या वर्षी विल्यम्स यांची सरासरी ०.३८८ होती आणि बेसप्राप्ती व स्लगिंग या दोन्हींत ते मँटल यांच्या पुढे होते. विल्यम्स यांना हा सन्मान १९४६ व १९४९ असा दोनदा मिळाला. डिमॅजिओ, म्युझियल व मँटल यांना प्रत्येकी तीनदा.

१९४९ मध्ये तिसरा ट्रिपल क्राउन अगदी थोडक्यात हुकला. डेट्रॉइटच्या जॉर्ज केल यांची सरासरी ०.३४२९ तर विल्यम्स यांची ०.३४२८ भरली. १९५४ मध्ये तर नियमच आडवा आला. सरासरीत ०.३४५ सह विल्यम्स सर्वांच्या पुढे होते, पण अजिंक्यपदासाठी किमान ४०० अधिकृत संधी आवश्यक होत्या. १३६ वॉक घेतल्यामुळे त्यांच्या अधिकृत संधी ३८६ वर थांबल्या आणि मान क्लीव्हलँडच्या बॉबी अविला (०.३४१) यांना मिळाला. वाईट चेंडू न मारण्याची ही शिक्षा अनेकांना खटकली. पुढे अधिकृत संधींऐवजी फलंदाजीस आलेल्या एकूण वेळा मोजण्याचा नियम झाला आणि तोच आज लागू आहे. सरासरीचे अजिंक्यपद विल्यम्स यांनी एकंदर सहा वेळा मिळवले, म्युझियल यांनी नॅशनल लीगमध्ये सात वेळा.

युद्धात गेलेले हंगाम

१९४३, १९४४ व १९४५ हे तीन हंगाम विल्यम्स यांनी नौदल व मरीन दलात वैमानिक व प्रशिक्षक म्हणून घालवले. तेव्हा ते चोवीस ते सत्तावीस वर्षांचे, फलंदाजाच्या उमेदीच्या वयाचे होते. कोरियन युद्धात त्यांना पुन्हा बोलावण्यात आले. तेथे त्यांनी ३९ लढाऊ मोहिमांत विमान चालवले आणि फेब्रुवारी १९५३ मध्ये गोळ्या लागून पेटलेले विमान चाकांविना धावपट्टीवर उतरवले. १९५२ मध्ये ते सहा सामने खेळले. १९५३ मध्ये परतल्यावर ३७ सामन्यांत त्यांची सरासरी ०.४०७ होती.

युद्धापूर्वीच्या शेवटच्या हंगामात (१९४२) त्यांचे होम रन ३६, युद्धानंतरच्या पहिल्या हंगामात (१९४६) ३८. याच गतीने तीन हंगामांचे सुमारे १११ होतात. कोरियातील दोन हंगामांसाठी वर्षाला ३० धरून त्यांतून प्रत्यक्ष केलेले १४ वजा केले, तर आणखी ४६. एकूण बेरीज ६७८ च्या आसपास जाते. तेव्हाचा बेब रूथ यांचा विक्रम ७१४ होता. असा हिशेब अर्थातच कागदी असतो. त्या वर्षांत दुखापत होऊ शकली असती, फॉर्म हरवू शकला असता. शिवाय तोच न्याय इतरांनाही लावावा लागतो. डिमॅजिओ यांचेही १९४३ ते १९४५ हेच तीन हंगाम सैन्यात गेले आणि परतल्यावर १९४६ मध्ये त्यांची सरासरी ०.२९० वर घसरली. म्युझियल यांचा केवळ १९४५ चा हंगाम गेला. १९४३ व १९४४ मध्ये अनेक चांगले पिचर गणवेशात असताना ते ०.३५७ व ०.३४७ या सरासरीने खेळत होते. त्यांच्या ३,६३० हिटकडे पाहताना एवढे लक्षात ठेवणे उचित, मात्र युद्धानंतरही त्यांनी आणखी सहा वेळा सरासरीचे अजिंक्यपद मिळवले हेही विसरू नये.

मैदानाचा परिणाम

बेसबॉलची मैदाने क्रिकेटच्या मैदानांहूनही अधिक वेगवेगळ्या आकारांची असतात. विल्यम्स डावखुरे फलंदाज. त्यांचे फटके उजव्या बाजूस जात. बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये डाव्या बाजूची भिंत जवळ, परंतु उजवी बाजू लांब होती. १९४० मध्ये तेथे पिचरांसाठी सरावाची जागा बांधून कुंपण सुमारे वीस फूट आत आणले गेले, तरी अंतर बरेच उरले. विल्यम्स यांनी घरच्या मैदानावर २४८ व बाहेर २७३ होम रन केले. सरासरीच्या बाबतीत मात्र त्यांना घरचे मैदान लाभले (०.३६१ विरुद्ध ०.३२८). डिमॅजिओ उजव्या हाताचे, आणि यँकी स्टेडियमची डावी-मधली बाजू अतिशय खोल. त्यांचे घरचे होम रन १४८ तर बाहेरचे २१३ आहेत. म्युझियल यांच्या ३,६३० हिटपैकी १,८१५ घरचे व १,८१५ बाहेरचे, हा योगायोग बेसबॉलच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. लीगची सरासरी पातळी १०० मानून, मैदानाचा परिणाम वजा करून काढलेल्या निर्देशांकात विल्यम्स सुमारे १९०, मँटल १७२, म्युझियल १५९ व डिमॅजिओ १५५ येतात. या निर्देशांकात बेसप्राप्ती व स्लगिंग दोन्ही धरलेले असतात. विल्यम्स यांच्या वर रूथ (२०६) आहेत.

जुलै १९४६ मध्ये क्लीव्हलँडचे खेळाडू-व्यवस्थापक लू बुद्रो यांनी विल्यम्स यांच्यासाठी जवळजवळ सारे क्षेत्ररक्षक उजव्या बाजूस उभे केले. डावी बाजू मोकळी असतानाही विल्यम्स यांनी आपली पद्धत फारशी बदलली नाही. त्याच वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये ते २५ संधींत पाचच हिट करू शकले आणि बॉस्टन हरले. त्यांच्या वाट्याला आलेली ही एकमेव वर्ल्ड सिरीज. प्रतिस्पर्धी संघातील म्युझियल यांनाही २७ संधींत सहाच हिट मिळाले होते, याचा उल्लेख सहसा होत नाही. डिमॅजिओ यांनी दहा वर्ल्ड सिरीज खेळून नऊ जिंकल्या.

उत्तरकाळ

१९५७ च्या हंगामात, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षात पाऊल टाकलेल्या विल्यम्स यांनी ४२० संधींत १६३ हिट केले. आणखी पाच हिट मिळाले असते तर सरासरी नेमकी ०.४०० झाली असती. १९५८ मध्ये ०.३२८ सह ते पुन्हा अजिंक्य ठरले. १९५९ मध्ये मानेच्या दुखण्यामुळे सरासरी ०.२५४ वर आली. संपूर्ण कारकिर्दीत ती ०.३०० च्या खाली गेलेला हा एकच हंगाम. २८ सप्टेंबर १९६० रोजी फेनवे पार्कवर कारकिर्दीतील अखेरच्या संधीत त्यांनी ५२१ वा होम रन केला.

ज्यांच्याशी तुलना झाली नाही

वरील सर्व तुलनेस एक मर्यादा आहे. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरेपर्यंत मेजर लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश नव्हता. विल्यम्स यांचा १९४१ चा हंगाम व पहिला ट्रिपल क्राउन या बंदीच्या काळातील आहेत. खुद्द बॉस्टन रेड सॉक्सने आपला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू खेळवला तो १९५९ मध्ये, सर्व संघांत सर्वांत शेवटी. जॉश गिब्सन यांच्यासारखा फलंदाज त्याच काळात, त्याच देशात, पण वेगळ्या ‘निग्रो लीग’मध्ये खेळत होता. जुलै १९६६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश स्वीकारताना केलेल्या भाषणात विल्यम्स यांनी सॅचेल पेज व गिब्सन यांना संधी न मिळाल्याचा उल्लेख करून त्यांनाही हा सन्मान मिळावा अशी इच्छा व्यक्त केली. पेज यांचा समावेश १९७१ मध्ये, तर गिब्सन यांचा त्यांच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी, १९७२ मध्ये झाला.

मे २०२४ मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ या काळातील निग्रो लीगची आकडेवारी आपल्या अधिकृत नोंदींत सामावून घेतली. त्या लीगचे हंगाम लहान असत, त्यामुळे आकड्यांची थेट तुलना जपून करावी लागते. या नोंदीनुसार कारकिर्दीतील सरासरीत गिब्सन (०.३७२) सर्वप्रथम आले आणि १९४३ मधील त्यांची ०.४६६ ही सरासरी एका हंगामातील सर्वोच्च ठरली. स्लगिंगमध्येही गिब्सन (०.७१८) पहिले, रूथ (०.६९०) दुसरे व विल्यम्स तिसरे आहेत. कारकिर्दीतील बेसप्राप्तीच्या प्रमाणात विल्यम्स यांचे ०.४८२ पहिल्या क्रमांकावर कायम राहिले.